‘एवढं आवरतो आणि येतो’

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारे गृहस्थ पन्नाशीतले आहेत. घरी पत्नी, कॉलेजात जाणारी मुलगी, नववीतला मुलगा आणि ‘आई हल्ली फार चालत नाही, ती असतेच घरी’. वर्षभरापूर्वी फोन भरला म्हणून ते फोटो संगणकावर उतरवायला बसले आणि त्यातच रमले. फोटोची तारीख फाइलच्या पोटात लिहिलेली असते, चेहऱ्यावरून माणूस शोधता येतो, जुन्या कॅसेटी संगणकावर घेता येतात, गाण्याच्या फाइलीत गायकाचं नाव भरता येतं, असे रोज नवे शोध लागत गेले. आज त्यांच्याकडे साधारण 41 हजार फोटो आणि दोन हजारांवर गाणी आहेत. आधी वर्ष, मग ठिकाण, मग माणूस अशी फोल्डरांची उतरंड त्यांनी आखली आहे. सुट्टीच्या दिवशी घरचे बाहेर पडायला निघाले की ‘तुम्ही पुढे व्हा, एवढं आवरतो आणि येतो’ म्हणतात आणि बहुतेक वेळा जात नाहीत. गेलेच तर फोटो काढत राहतात. मुलीचं म्हणणं, सहलीत सगळ्यांचे फोन बंद. गाडीत लावायला त्यांनी जुन्या गाण्यांची सहा तासांची यादी केली, तर मुलांनी कानात हेडफोन घातले. मध्यंतरी जागा करायला फोनवरचे फोटो काढले, तर ते क्लाउडवरूनही गेले. कचरापेटीत सापडले म्हणून निभावलं, पण तेव्हापासून काम आणखीच जोरात सुरू झालं. परवा पत्नी म्हणाली, ‘तुला आमच्यापेक्षा आमचे फोटो जास्त आवडतात.’ ते वाक्य लागलं. त्यांचे प्रश्न असे: दोन-तीन महिने सहली बंद ठेवून हे एकदाचं संपवून टाकू, की हा नादच सोडून देऊ? आणि हे सगळं मी घरच्यांसाठीच करतोय, हे त्यांना पटवू कसं?

नमस्कार,

पत्नीचं वाक्य लागलं, असं लिहिलंत. लागण्यासारखंच आहे ते. पण त्यात फोटोंवर राग दिसत नाही. ज्यांचे फोटो आहेत ती माणसं खाली गाडीत बसून हॉर्न वाजवताहेत आणि तुम्ही वर संगणकावर त्यांचेच 2014 सालचे चेहरे न्याहाळताय, हे तिला खुपतंय. तिला तुम्ही काय उत्तर दिलंत, ते मात्र पत्रात कुठे नाही. बहुधा काहीच दिलं नसावं. त्याकडे येते, पण आधी तुमचा हिशेब तपासू.

‘एकदाचं संपवून टाकू’ म्हणताना तुम्ही धरून चालला आहात की हे काम संपणारं आहे. 41 हजार फोटो. एकेकाला नुसती पाच सेकंदं दिली तरी जवळजवळ 57 तास होतात. आणि पाच सेकंदांत निकाल लागतो तो सोप्या फोटोचा. एकाच पायरीवर उभं राहून काढलेले अकरा फोटो समोर आले की बघा काय होतं. एकात मुलाचे डोळे मिटलेत, दुसऱ्यात पत्नीचे केस उडालेत पण हसू फार छान आलंय, तिसऱ्यात सगळं जमलंय पण मागून एक अनोळखी गृहस्थ डोकावताहेत. यातला कोणता ठेवायचा हे ठरवता ठरवता अर्धी सकाळ जाते, आणि शेवटी आपण अकराही ठेवतो. तोवर घरातले बाकीचे फोन नवे फोटो काढतच असतात. हा साठा आटोक्यात आणायचा एकच खात्रीचा उपाय आहे, कुणी कुठे जायचंच नाही. तुमच्या योजनेत नेमकं तेच आलंय.

मला वाटतं, दोन वेगळी कामं तुमच्याकडून एकात मिसळली गेली. फोटो हरवू नयेत हे एक काम, आणि ते नीट लावलेले असावेत हे दुसरं. कचरापेटीच्या त्या प्रसंगाने तुम्ही धास्तावलात ते साहजिकच होतं. पण धास्ती पहिल्या कामाची होती आणि कंबर कसलीत ती दुसऱ्यासाठी. नीटनेटकी लावलेली हार्ड डिस्क हातातून पडली तर गबाळ्या हार्ड डिस्कसारखीच बंद पडते.

तेव्हा पहिलं काम आधी उरकून टाका. ते फार तर एका शनिवार-रविवारचं आहे, आणि त्यातलाही बराचसा वेळ यंत्राचा, तुमचा नाही. पीटर क्रोग या छायाचित्रकारामुळे रूढ झालेला 3-2-1 असा एक साधा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. तुमच्या बाबतीत एक प्रत संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी क्लाउडवर किंवा एखाद्या नातलगाकडे ठेवलेल्या डिस्कवर. पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नका. वर्षानुवर्षं न जोडता खणात पडून राहिला तर त्यावरचा मजकूर विरू शकतो.

तुमचे फोटो क्लाउडवरूनही गेले, ते कुठे बिघाड झाला म्हणून नव्हे. फोन आणि क्लाउड सिंकमध्ये असले की दोन्हीकडे सारखं ठेवणं हेच त्याचं काम. तुम्ही इथे काढलंत, त्याने तिथेही काढलं. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो काढला तर कचरापेटीत 60 दिवस राहतो, आयफोनच्या फोटो अ‍ॅपमध्ये 30 दिवस. तेवढ्यात लक्षात आलं नाही की संपलं. म्हणून सिंकला बॅकअप समजून निर्धास्त होऊ नका; डिस्कवर हाताने उतरवलेली प्रत हवीच. आणि फोनमध्ये फक्त जागा हवी असेल तेव्हा फोटो निवडून डिलीट करत बसण्यापेक्षा गूगल फोटोजमधला ‘जागा मोकळी करा’ हा पर्याय वापरा. तो क्लाउडवरची प्रत जागेवर ठेवून फोनमधली काढतो.

हे झालं, की यापुढे एकही फोटो लावला नाहीत तरी काही हरवणार नाही. मग सुट्टीच्या सकाळी ‘आधी हे, मग तुम्ही’ म्हणायला फारसं कारण उरत नाही. त्यानंतरही म्हणावंसं वाटलं, तर त्याचं कारण हार्ड डिस्कमध्ये नाही, दुसरीकडे शोधायला हवं.

आता लावण्याबद्दल. वर्ष-ठिकाण-माणूस ही उतरंड कागदावर फार देखणी दिसते, पण एक शर्ट दोन कपाटांत टांगता येत नाही. ज्या फोटोत आई आहे, मुलगा आहे आणि मागे समुद्रही आहे, तो कुठे जाणार? दोन्हीकडे ठेवलात तर दोन प्रती झाल्या, आणि महिनाभराने त्याच प्रती शोधून काढत तुम्ही पुन्हा रात्र जागवणार. फोल्डरांना तारखेची शिस्त पुरे आहे. ‘2018-05 समुद्र’ एवढंच नाव द्या. वर्ष आधी आणि महिना दोन आकड्यांत लिहिला की फोल्डर आपसूक कालक्रमाने लागतात. त्याहून खोल जाऊ नका. माणसं हुडकायचं काम अ‍ॅपवर सोपवा. चेहरे ओळखण्यात ती आता पटाईत झाली आहेत. घरच्यांचे चेहरे कुठल्या कंपनीकडे जायला नको असतील, तर डिजीकॅमसारखं मोफत सॉफ्टवेअर तेच काम तुमच्या संगणकातल्या संगणकात करतं.

फाइलच्या पोटातल्या तारखेचा तुमचा शोध अगदी खरा आहे. त्या नोंदीला एक्झिफ म्हणतात. जपानच्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने 1995 मध्ये ती पद्धत ठरवून दिली. तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं नाव, आणि लोकेशन चालू असेल तर जागासुद्धा तीत असते. पण काही ठिकाणी ती दगा देते आणि हाताने दुरुस्ती लागते ती तेवढ्यापुरतीच. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो येतो तेव्हा ही नोंद वाटेत पुसली गेलेली असते. अँड्रॉइडवर अशा फाइलच्या नावात आकडे दिसतात खरे, पण ती तारीख फोटो आला-गेला त्या दिवसाची; काढला त्या दिवसाची नव्हे. मूळ फोटो हवा असेल तर पाठवणाऱ्याला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नोंद शाबूत येते. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना बहुधा स्कॅन केल्याची तारीख चिकटते, म्हणून तुमच्या आईचा शाळेतला फोटो गेल्या वर्षीच्या सहलीशेजारी येऊन बसतो. आणि कॅमेऱ्याचं घड्याळच चुकलेलं असेल तर सबंध सहल सारख्याच फरकाने चुकते. ती एकेक फोटो धरून सुधारत बसू नका. सगळे फोटो निवडून वेळ एका फटक्यात पुढे-मागे सरकवता येते.

म्हणजे यंत्राने करायचं ते यंत्राने केलं. तुमच्या वाट्याला मग काय उरतं?

पत्रातलं ते अर्धं वाक्य मला पुन्हा पुन्हा दिसतंय. आई हल्ली फार चालत नाही, ती असतेच घरी. घरचे बाहेर जातात तेव्हा घरात दोन माणसं असतात, म्हणजे. एक संगणकापाशी जुने फोटो लावत बसलेलं, आणि दुसरं, ज्याला त्या जुन्या फोटोंतलं सगळं माहीत आहे असं, बाजूच्या खोलीत. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा उभा असलेला मुलगा कोण, हे कुठलंही अ‍ॅप सांगणार नाही. त्याला चेहरा ओळखता येईल, नाव कुठून आणेल? तुम्हालाही ठाऊक नसेल. आईला ठाऊक आहे. 2019 च्या सहलीचे फोटो दहा वर्षांनी लावलेत तरी काही बिघडत नाही. ही नावं मात्र दहा वर्षं थांबतीलच असं नाही. तुमच्या तासांना खरी किंमत आहे ती इथे.

कसं करायचं तेही सांगते, कारण हे काम चुकीच्या पद्धतीने केलं की आई दुसऱ्याच दिवशी ‘मला नाही आठवत’ म्हणून मोकळी होईल. एका बैठकीला सात-आठच फोटो घ्या. फोनच्या इवल्या पडद्यावर नको, टीव्हीवर किंवा संगणकावर मोठे करून दाखवा. फोनचा रेकॉर्डर चालू करून बाजूला ठेवा आणि तसं आईला सांगा. ‘हा कोण, ती कोण’ अशी उलटतपासणी घेतलीत तर ती अडखळेल. ‘हा फोटो काढला कुणी?’ असं विचारा. ‘त्या दिवशी कुठे निघाला होतात?’ विचारा. नावं बोलण्याच्या ओघात येतात. कागदी फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. कुणीतरी पेन्सिलीने साल लिहिलेलं असतं, आणि ते अक्षर कुणाचं हीसुद्धा एक माहिती असते. नक्की साल आठवत नसेल तर ‘सुमारे 1972’ लिहा आणि पुढे चला.

हे सगळं फोटोच्या वर्णनाच्या रकान्यात लिहायचं, पण लिहिण्याआधी एक खात्री करा. बरीच अ‍ॅप वर्णन फोटोत न लिहिता स्वतःच्या यादीत ठेवतात. उद्या अ‍ॅप बदललंत की ते मागेच राहतं. गूगल फोटोजमधून सगळं उतरवून घेतलं तर वर्णनं वेगळ्या छोट्या फाइलींत येतात, फोटोत नाही. म्हणून एका फोटोवर वर्णन लिहा, ती फाइल दुसऱ्या संगणकावर न्या, दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. तिथे दिसलं तरच त्या अ‍ॅपमध्ये पुढचे फोटो घ्या.

आता ‘घरच्यांसाठीच करतोय’ याबद्दल. तुमचा हेतू खोटा आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण तुम्ही लावलेलं फोल्डर गेल्या वर्षभरात घरातल्या कुणी आपणहून उघडलं का? नसेल, तर त्यांना कदर नाही असा अर्थ काढण्याची घाई करू नका. चारशे फोटोंचं फोल्डर कुणीच उघडत नाही. दहा फोटो सगळे बघतात. सहलीहून आल्यावर तीन-चार दिवसांत, आठवण ताजी आहे तोवर, दहा फोटोंचा एक अल्बम करा आणि बाकीचे आहेत तसे तारखेच्या फोल्डरात पडू द्या. वाईट फोटो शोधून काढण्यापेक्षा चांगल्यावर खूण करणं कितीतरी हलकं काम आहे, चुकलं तरी काही जात नाही. आणि दहाही तुम्ही निवडू नका. प्रत्येकाने दोन-दोन निवडा म्हणावं. मुलगा कदाचित धूसर आलेला, हास्यास्पद फोटो निवडेल. राहू द्या. मुलीचा फोटो नातलगांच्या ग्रुपवर टाकण्याआधी तिला विचारत चला. फोन बंद ठेवण्याच्या तिच्या हट्टामागे यातलंही काही असू शकेल, आणि तिने ते बोलून दाखवलं नसेल.

अजून एक. चेहरा शोधायची सोय तुम्हाला आवडली आहेच, तर एकदा स्वतःचा चेहरा शोधून पाहा. घरात जो फोटो काढतो तोच फोटोंत सापडत नाही, हे बहुतेक घरांत होतं. तुमच्याकडे तसंच निघालं, तर पत्नीला काय म्हणायचं होतं ते तिला न विचारताही कळेल.

सहलीत फोन बंदच ठेवावेत का? मुलीची बाजू अर्धी खरी आहे, आणि यावर अभ्यासही झालेले आहेत. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठाच्या लिंडा हेंकेल यांनी लोकांना संग्रहालयात नेऊन काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी, फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. हे 2014 मध्ये प्रसिद्ध झालं, आणि ‘फोटो काढला की विसरायला होतं’ एवढंच लोकांच्या ध्यानात राहिलं. त्याच प्रयोगात असंही दिसलं होतं की वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला तर आठवण तशी घटत नाही. पुढे 2017 मध्ये अलिक्झांड्रा बाराश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना आपल्या मनाने हवे ते फोटो काढू दिले. त्या लोकांना पाहिलेलं जास्त चांगलं आठवलं, पण ऐकलेलं कमी. 2018 च्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात, समाजमाध्यमांवर टाकण्यासाठी फोटो काढणाऱ्यांना त्या अनुभवात मजा कमी वाटली. आपण कसे दिसू याची काळजी मध्ये येत होती.

यावरून मी तरी सरसकट बंदीच्या बाजूने जाणार नाही. फोटो काढा, पण निवडून काढा, आणि त्या दिवशीच्या त्या दिवशी कुणाला पाठवू नका. फोटो काढण्याची पाळी लावा. एका सहलीत एकाचाच फोन बाहेर, बाकीच्यांचे खिशात. मुलाच्या पाळीला सगळे फोटो बुटांचे आणि कुत्र्यांचे आले तर येऊ देत. आणि कॅमेऱ्याच्या नादात कान निसटतात असं दिसतंय, तर प्रत्येक ठिकाणी अर्ध्या मिनिटाचं नुसतं आवाजाचं रेकॉर्डिंग करा. मागे पाणी, मध्ये पत्नीने कुणाला तरी मारलेली हाक, तुमची दोघं मुलं कशावरून तरी भांडताहेत. गाणी आणि फोटो या तुमच्या दोन्ही आवडींना जोडणारी ही गोष्ट तुम्हाला अजून सुचलेली दिसत नाही. फोटोच्याच फोल्डरात ठेवा, त्याच तारखेखाली.

आता एक अवघड प्रश्न. रागावू नका. तुम्हाला या सहली मुळात आवडतात का? पहाटे निघायचं, दिवसभर गाडी तुम्हीच चालवायची, गर्दीत उभं राहायचं, रात्री परत, असं असेल तर कंटाळा येणं गुन्हा नाही. आई घरी एकटी राहते याचीही रुखरुख असू शकते. पण मग ते तसं बोला. ‘मला फोटो लावायचेत’ हे कारण ऐकताना पत्नीला वाटतं, आपण नकोसे झालो. ‘मला एवढा लांबचा प्रवास झेपत नाही, आणि आईला सोडून जायला मन होत नाही’ हे ऐकलं तर ती जवळची जागा शोधेल, दुपारपर्यंत परतता येईल अशी, जिथे आईलाही बाकावर बसता येईल. सहल म्हणजे लांबच जायला हवं असं कुठे आहे? आणि तसं काही नसेल, आवडतच असतील सहली, तर पटवून देण्याच्या फंदात न पडता पुढच्या सुट्टीला हॉर्न वाजायच्या आधी गाडीत जाऊन बसा. फोटोंसाठी आठवड्यातली एक रात्र ठरवून घ्या, तास-दीड तास. छंद आहे तो तुमचा, चांगला आहे, त्याला छंदाचा वेळ द्या. घरासाठी केलेला त्याग म्हणून तो मांडलात की घरचे आभार मानायला लागतील असं वाटतं, आणि ते मानत नाहीत म्हणून तुम्ही हिरमुसता.

गाडीतल्या गाण्यांचं वेगळं. सहा तासांची यादी मुलांनी ऐकली नाही याचं मला नवल वाटत नाही. सहा तास दुसऱ्याची आवड तुम्हीही ऐकली नसती. पण जुन्या गाण्यांशी त्यांचं काही देणंघेणं नाही असा निष्कर्ष काढू नका. कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रुमहान्सल आणि त्यांचे सहकारी जस्टिन झुपनिक यांनी विशीतल्या मुलांना मागच्या काही दशकांतली गाजलेली गाणी ऐकवली. मुलांच्या आठवणी आणि जिव्हाळा स्वतःच्या काळातल्या गाण्यांशी होताच, पण त्यांचे आईवडील तरुण असतानाच्या गाण्यांशीही होता, आणि त्याही मागच्या पिढीच्या गाण्यांचा थोडा ठसा होता. हा अभ्यास 2013 मधला. लहानपणी घरात कुणीतरी ती गाणी लावत होतं, कानावर पडत होती. यादी करून, गायक-संगीतकारांची माहिती देत ऐकवली जात नव्हती, एवढा फरक.

म्हणून पाळीपाळीने एकेक गाणं. ज्याची पाळी त्याचं गाणं, मग ते तुम्हाला गोंगाट वाटो. दुसऱ्याचं गाणं कुणी पुढे ढकलायचं नाही. गाडी चालवणाऱ्याला आवाज कमी करायची तेवढी मुभा. सगळ्यांना भर घालता येईल अशी एक सामायिक प्लेलिस्ट करा आणि निघण्याआधी डाउनलोड करून ठेवा. ऐन घाटात नेटवर्क गेलं की गाणी बंद आणि वाद सुरू. एक गोष्ट ध्यानात असू द्या: वर्गणीच्या अ‍ॅपमधून डाउनलोड केलेली गाणी तुमची होत नाहीत. स्पॉटिफायवर 30 दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं, आणि वर्गणी थांबली की ती वाजत नाहीत.

तुमची कॅसेटवरून घेतलेली गाणी बारीक आवाजात वाजतात आणि मुलांची कानठळ्या बसवतात, हे होत असणारच. त्यात तुमच्या गाण्यांचा दोष नाही. नवं ध्वनिमुद्रण आवाजाच्या मोठ्या पातळीवर केलेलं असतं. प्लेअरमध्ये आवाजाची पातळी सारखी करायची सोय असते, स्वतःच्या फाइलींसाठी रिप्लेगेन नावाचा टॅग, म्हणजे फाइलच्या पोटातली नोंद, भरता येतो. तेवढं केलंत तर दर गाण्याला बटणाकडे झेपावणारे हात थांबतील. शफलमध्ये एकाच गायकाची तीन गाणी ओळीने आली तर ते बिघडलेलं नसतं. खरीखुरी यादृच्छिक निवड अशीच गठ्ठ्यांनी येते; लोकांच्या तक्रारींमुळे स्पॉटिफायने 2014 च्या सुमारास एकाच गायकाची गाणी लांब लांब पसरवायला सुरुवात केली.

गायकाची देवनागरी नावं गाडीच्या प्लेअरवर चौकोन होऊन दिसत असतील, तर टॅगची आवृत्ती बघा. एमपीथ्रीच्या टॅगची पहिली आवृत्ती 1996 ची. सगळी माहिती फाइलच्या शेवटी 128 बाइटांत कोंबलेली, गाण्याच्या नावाला 30 अक्षरं, आणि देवनागरीची सोयच नाही. एमपीथ्रीटॅगसारख्या सॉफ्टवेअरमध्ये 2.3 आवृत्ती आणि यूटीएफ-16 (देवनागरी सामावणारी अक्षरपद्धत) निवडून पुन्हा साठवा. तरीही चौकोनच आले तर गाडीच्या प्लेअरमध्ये अक्षरंच नाहीत. तो नाद सोडा. आणि 128 केबीपीएसच्या एमपीथ्री फाइली 320 च्या करत असाल तर थांबा, फाइल फुगते, आवाज सुधारत नाही. एकदा गाळून टाकलेला तपशील परत येत नाही.

राहिल्या कॅसेटी. त्यांच्यासाठी मात्र मी घाई करा म्हणेन, पण क्रम उलटा लावा. बाजारात विकल्या गेलेल्या गाण्यांच्या कॅसेटी शेवटी. ती गाणी बहुतेक दुसरीकडे मिळतील, तीही तुमच्या प्रतीपेक्षा स्वच्छ. आधी घरी भरलेल्या घ्या. कुणीतरी टेपरेकॉर्डरसमोर बसून गायलंय, लहानपणीचे तुम्ही पाठांतर म्हणताय, वडील बोलताहेत, अशी एखादी तरी निघेलच. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं लागतातच, तेव्हा आईला सोबत बसवा. फोटोंचं काम त्याच बैठकीत होईल. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ध्वनिमुद्रणाचा दर्जा 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट ठेवा. तासाभराची स्टीरिओ वेव्ह फाइल साधारण 635 एमबी होते, फ्लॅक या आटोपशीर फाइल-प्रकारात साठवलीत तर त्याहून बरीच लहान आणि आवाजात काहीही न गमावता. गाणी वेगळी काढणं, खरखर कमी करणं हे नंतर, मूळ फाइल तशीच ठेवून तिच्या प्रतीवर करा. आणि कॅसेट प्लेअरमध्ये घालण्याआधी तिच्या वरच्या कडेला दोन्ही टोकांना असलेले प्लॅस्टिकचे छोटे तुकडे मोडलेले आहेत का पाहा. नसतील तर पेनाच्या टोकाने मोडून टाका. ते मोडलेले असले की घाईत चुकून रेकॉर्डचं बटण दाबायला गेलात तरी ते दाबलं जात नाही.